पत्राला उत्तर, पत्र्याला रंग

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. माझा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोट घेऊन राहतात. घरभाडं परवडेना म्हणून बोट घेतली. लोखंडी आहे, ५७ फूट लांब, जुनी. बाजू गडद निळ्या, टप गडद लाल. थंडीत शेगडी पेटवली की भागतं, पण उन्हाळ्यात आत बसवत नाही. मी तिथं उन्हाळाभर राहून आले. जन्म कोल्हापुरात काढलेली बाई मी, पण तिथं संध्याकाळी सात वाजता अंगाची लाही झाली. अंधार पडला की टपातनं टक् टक् आवाज यायचा, मला वाटलं कुणी खडे मारतंय. आता बोट दोघं मिळून स्वतःच रंगवणार म्हणतात. मुलगा म्हणतो चंदेरी रंग देऊ, ऊन परत फेकेल. कुठला रंग द्यावा, कसा द्यावा आणि बोट गार कशी ठेवावी?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : काकू, सात वाजता लाही का झाली ते आधी सांगते, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. आपल्याकडं मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. म्हणजे सगळा मार छपरावर. भिंती त्यातल्या त्यात सुटतात. मिल्टन कीन्स ५२ अक्षांशावर. तिथं २१ जूनलासुद्धा सूर्य साडेएकसष्ट अंशांच्या वर चढत नाही, पण दिवस साडेसोळा तासांहून मोठा. संध्याकाळी सातला तो आडवा होऊन बोटीच्या बाजूवर आणि खिडक्यांवर सरळ येतो, आणि तोवर टप सकाळपासून तापत आलेला असतो. टपाचा ताप वरून, बाजूचा आडवा, मध्ये तुम्ही. इंग्लंडात कसला आलाय उन्हाळा, असं म्हणणाऱ्यांना सांगा की १९ जुलै २०२२ ला तिथल्या लिंकनशरमध्ये ४०.३ अंश नोंदले गेले.

बर्मिंगहॅमला माझी भाची असते. तिच्याकडं गेले होते तेव्हा गावातलं काही बघायचं सोडून मी बोटी रंगवतात त्या यार्डात जाऊन बसायची. रंगाच्या दुकानदाराला दुसरं काय बघवतंय! तिथं पहिल्यांदा कळलं की ही बोट एवढी अरुंद का. तिकडचे बरेचसे कालवे अठराव्या शतकातले, आणि बोट वर चढवायची-खाली उतरवायची अरुंद लॉक, म्हणजे दारं लावलेले पाण्याचे हौद, ७ फुटांची. त्यातून जायचं तर बोट ६ फूट १० इंचच हवी. तळाला १० मिलिमीटर, पाण्याच्या बाजूंना ६ आणि केबिनच्या भिंतींना नि टपाला ४ मिलिमीटर पत्रा, हे नव्या बोटींचं नेहमीचं माप. आपल्या ट्रॉलीच्या फाळक्यापेक्षा जाड लोखंडाच्या एका लांबड्या बोळात तुमची मुलं राहतात. तापायला लोखंड भरपूर, आणि मावायला हवा थोडी.

आता हिशेब करू. टपाचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर धरा. स्वच्छ उन्हाच्या दुपारी दर चौरस मीटरवर ८०० वॉटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे १६ किलोवॉट. आपल्या घरातले २ किलोवॉटचे आठ गीझर टपावर चालू करून ठेवल्यासारखं. काळा रंग यातलं पंचाण्णव टक्के पिऊन टाकतो, गडद लाल त्याहून थोडंच कमी. चांगला पांढरा रंग नवा असताना वीस टक्क्यांच्या आसपास घेतो. आलेली सगळीच उष्णता आत जाते असं नाही, बरीच वाऱ्यानं बाहेरच्या बाहेर जाते. पण आठ गीझर आणि दीड गीझर यात फरक पडतोच. त्यामुळं टप फिका करणं हे पहिलं काम, बाकीचं सगळं नंतर.

मग पांढराशुभ्रच का नको? बोट चालवणारा मागच्या टोकाला उभा असतो. समोर चाळीस-बेचाळीस फुटांचा टप, त्याच्यावरून बघत सुकाणू धरायचं. पांढऱ्याशुभ्र टपावरून ऊन डोळ्यात घुसतं आणि समोरचा पूल दिसत नाही. म्हणून तिकडचे जाणते लोक मलई रंग, फिका राखाडी, हस्तिदंती असले रंग घेतात, आणि चमक नसलेले. चालताना पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर बारीक वाळू टाकतात, वरून आणखी एक हात देतात. चमक आपोआप मरते. वाळू धुतलेली आणि वाळवलेली हवी. समुद्राची आणली तर तिच्यातलं मीठ रंगाखाली राहणार आणि गंज तिथूनच सुरू होणार.

चंदेरीचं. हा प्रश्न मला लक्ष्मीपुरीत दर एप्रिलला विचारतात, त्यामुळं चिरंजीवांना दोष देत नाही. चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी. ऊन परत फेकायला तो बरा. पण पत्रा थोडाफार तरी तापतोच, आणि तापलेल्या पत्र्यानं ती उष्णता आकाशाकडं सोडायची असते, त्यात हा चिक्कू. पांढरा किंवा मलई रंग ऊन फेकतोही आणि अंगात आलेली उष्णता सोडतोही. माझ्या दुकानाच्या पायरीला स्टीलचा चकचकीत कठडा आहे आणि शेजारी खिडकीला पांढरे रंगवलेले गज. दुपारी दोनला गिऱ्हाइकाला म्हणते, एक हात याला लावा आणि एक त्याला. कठड्यावरचा हात लगेच उचलतात. मग वाद उरत नाही, फिक्या रंगाचं बिल होतं.

बाजूंचा निळा त्यांना आवडत असेल तर राहू दे. तरी नवीन घेताना एक विचारा. उन्हातली निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते, आणि काही गडद रंगांत आता अशी रंगद्रव्यं घालतात की ते दिसतात गडद, पण हे न दिसणारं ऊन बरंचसं परत पाठवतात. महाग असतात. मला विचाराल तर तेवढे पैसे खिडक्यांवर घाला, पुढे सांगते.

टक् टक् आवाजाचं घाबरू नका. १७ मीटरचा पत्रा ४० अंशांनी तापला आणि त्याला कुणी अडवलं नाही तर ८ मिलिमीटर वाढतो. इथं त्याला खालचा थंड, पाण्यातला भाग अडवतो. मग तो मोकळा होईल तिथं हलतो आणि वाजतो. तापताना वाजतो, निवताना वाजतो. रंग देणाऱ्याला यातून एवढंच घ्यायचं की सांध्यावर आणि वेल्डिंगच्या कडेला जाड लांबी (पुट्टी) भरायची नाही. ती लवत नाही, वर्षा-दोन वर्षांत केसासारखी चीर पडते, तिच्यातून पाणी शिरतं आणि चांगल्या रंगाखाली पत्रा खाल्ला जातो. खड्डा असेल तिथं लोखंडाची इपॉक्सी लांबी, तीही पातळ हातांनी, घासून सपाट.

रंगापेक्षा घासण्याला जास्त दिवस लागतील, हे दोघांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी भांडतील. जुना रंग सगळा काढायची गरज नसते. जो घट्ट आहे तो पॉलिश पेपरनं खरखरीत करायचा. फोड आलेत, पोपडे सुटलेत तिथं मात्र चकाकणारं लोखंड दिसेपर्यंत जायचं आणि फोडाच्या बाहेर बोटभर चांगल्या रंगातही शिरायचं, कारण गंज दिसतो त्याच्या पुढं गेलेला असतो. कडा उताराच्या करायच्या, बोटानं चाचपल्यावर पायरी लागता कामा नये. जुन्या बोटीवर खालचा थर शिशाचा असू शकतो. त्यामुळं कोरडं घासायचं नाही. पाण्याचा पेपर, तोंडाला चांगला मास्क, आणि राडा गोळा करून टाकायचा, कालव्यात नाही.

उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर. रात्र गेली की दव, दव पडलं की सकाळी नारिंगी पावडर. मी तरी इपॉक्सी प्रायमर सांगेन, रेड ऑक्साईड घरच्या ग्रिलला ठीक आहे. फक्त आधी एक कोपरा तपासायचा. थिनरचा बोळा जुन्या रंगावर मिनिटभर दाबून ठेवा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला तर तो साधा एनॅमल, त्याच्यावर इपॉक्सी टाकलं की खालचा सगळा उचलून येईल. अशा वेळी इपॉक्सी फक्त उघड्या लोखंडापुरतं, आणि जुन्या रंगावर एनॅमलचाच प्रायमर. मग अंडरकोटचे दोन हात, मग रंगाचे दोन. दोनच हातांत काम उरकायला बघणारे भेटतील. बोट बाहेर उभी असते, तिला थराची जाडी लागते.

वेळ साधणं हे खरं कसब. यार्डातल्या लोकांचं बघून मला आपल्या उद्यमनगरातल्या ट्रकच्या टपांचे रंगारी आठवले. दोघांचा नियम एकच, सावलीच्या मागं मागं जायचं. तापलेल्या पत्र्यावर ब्रश टेकला की रंग ओढला जातो, पट्टे पडतात, आतला थिनर उकळून बारीक फोड येतात. सकाळी लवकर सुरू करावं तर पत्र्यावर न दिसणारं दव. याची एक परीक्षा आहे. ओलं फडकं पत्र्यावरून एकदा फिरवायचं. ओल दहा-पंधरा मिनिटांत आपोआप उडून गेली तर रंग द्या, नाही उडाली तर चहा घ्या. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. संध्याकाळी चारनंतर शेवटचा हात द्यायचा नाही. ओल्या रंगावर दव पडलं की चमक जाऊन पांढुरकं होतं, पुन्हा घासा. टप ढगाळ दिवशी करा. तिथं ढगाळ दिवसांना तोटा नाही.

आणि एक अडचण तुमच्या मुलांना माहीत असेलच, तरी लिहिते. बोटीच्या एका बाजूला काठावरची पायवाट, दुसऱ्या बाजूला पाणी. पाण्याकडची बाजू रंगवायची तर बोट फिरवायला हवी, आणि ५७ फुटांची बोट कालव्यात कुठंही फिरत नाही. त्यासाठी ठरावीक ठिकाणी कालवा रुंद केलेला असतो, त्याला विंडिंग होल म्हणतात. तिथवर जायचं, फिरवायची, परत यायचं. त्यामुळं एक बाजू अंडरकोटपर्यंत, मग फेरी, मग दुसरी, असा बेत करा. ओल्या शेवटच्या हातानिशी बोट हलवली तर चिलटं आणि झाडांचं पीस घेऊनच येईल.

पाण्याखालचं काळं स्वतः करायचं काम नव्हे, बोट पाण्याबाहेर काढावी लागते. बिटुमेन असेल तर दोन-तीन वर्षांनी द्यावंच लागतं. त्याच्यावर चुकूनही एनॅमल किंवा इपॉक्सी नको. एनॅमलमधून तपकिरी डाग वर येतात आणि इपॉक्सी धरत नाही. बाहेर काढली की मॅग्नेशियमचे ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, किती झिजलेत तेही बघून घ्यावं. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचेच चालतात, जस्ताचे समुद्रासाठी.

आता गार ठेवणं. खिडकीचं ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आत पडदा लावला तर ऊन आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता तुमच्याच खोलीत सुटते. जाड पांढरं कापड, कडेला लोहचुंबक शिवलेलं, खिडकीच्या बाहेरून पत्र्यावर चिकटवायचं. बोट लोखंडाची असल्याचा हा एक फायदा. सूर्य ज्या बाजूला त्या बाजूचं लावा, सावलीची बाजू उघडी. पुढचं आणि मागचं दार, बाजूचा झरोका, टपावरची झडप, सगळं उघडून आरपार वारा काढा. रात्री खरा गारवा असतो, तो आत घ्यायचा तर दारांना जाळी लावून कुलूप घालता येईल असं करा. १२ व्होल्टचा एक पंखा खालच्या हवेला ढकलेल असा ठेवा. जमिनीखाली पाणी आहे, बोटीतली सगळ्यात गार जागा म्हणजे फरशीच. पाट-चटई खाली घालून जेवायला बसा, खुर्चीवर बसून वरची तापलेली हवा घेऊ नका.

बोट बांधायची कुठं हे तुमच्या हातात आहे. कायमची जागा घेतली नसेल तर १४ दिवसांत पुढं सरकावंच लागतं, मग जून-जुलैत सावलीच्या जागा हेरून ठेवा. कालवा जिथं पूर्व-पश्चिम जातो तिथं बोट बांधली तर सकाळ-संध्याकाळचं आडवं ऊन बोटीच्या अरुंद तोंडांवर जातं, लांब बाजू वाचतात. तुम्हाला सात वाजता लाही झाली ती जागा उत्तर-दक्षिण होती अशी पैज लावायला मी तयार आहे. झाडाखालच्या सावलीत एक दंड भरावा लागतो. चिकट थेंब आणि पाखरांची शीट नव्या रंगाला खातात. रोज पाण्यानं धुऊन काढा.

आणि अगदीच असह्य दिवशी आपला देशी उपाय, ओली पोती. सूर्याकडच्या भागात टपावर गोणपाट पसरून भिजवत राहायचं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे मघाच्या गीझरची वीस मिनिटांची कमाई. पण संध्याकाळी पोती उचलून टप कोरडा करा. ओलं पोतं आठवडाभर पडून राहिलं तर नव्या रंगाखाली फोड येणार. कालव्याचं पाणी बादलीनं घेताना हातमोजे घाला. उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टो तिथंही आहे.

टपावर बुटक्या छत्रीसारखे पितळी झरोके दिसले असतील. ते कधीच बुजवायचे नाहीत, उन्हाळ्यात नाही आणि थंडीत तर अजिबात नाही. शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. तुमच्या सुनेला हे वेगळं सांगा, थंडीत वाऱ्याची झुळूक आली की आधी त्याच्यात फडकं कोंबायची बुद्धी होते.

प्रश्न : मावशी, मी वरच्या पत्रातली सून. आईंनी तुमचं उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवलं. (जागा उत्तर-दक्षिणच होती.) दोन गोष्टी विचारते. एक, टपाच्या आतून लाकडी फळ्या आहेत, त्यांच्या मागं चकचकीत फॉइल चिकटवून घ्यावी का? दुसरं, इथं बोटींच्या दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवायची पद्धत आहे. मला दारावर आपला कोल्हापुरी साज काढायचा आहे. टिकेल का?

उत्तर : पैज जिंकले म्हणजे! पुढच्या वेळी येताना तिकडचा एक चांगला घोड्याच्या केसांचा ब्रश आण.

फॉइल पत्र्याला चिकटवून वर फळी ठोकली तर काहीही उपयोग नाही. चकाकीचं काम हवेच्या पोकळीतच होतं. दोन्हीकडून दाबली की ती नुसती धातूची पट्टी, उष्णता तिच्यातून सरळ पलीकडं. समोर निदान २ सेंटिमीटर पोकळी ठेवता येत असेल तरच कर. त्याआधी मुळात आत काही इन्सुलेशन आहे का ते बघ, आणि त्यासाठी फळ्या उचकटायची गरज नाही. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत, आत शेगडी चालू असताना, पहाटे टपावरचा दहिवराचा पांढरा थर बघ. जिथं तो आधी वितळलेला असेल तिथं खाली काही भरलेलं नाही, घरातली ऊब तिथून निसटते. उन्हाळ्यात ऊन तिथूनच आत येतं. खडूनं खुणा करून फोटो काढून ठेव. फळ्या काढायच्या तर तेवढ्याच काढ, तिथं फोम भर. स्प्रे फोम भरलेल्या पत्र्यावर नंतर कुणाला वेल्डिंग करू देऊ नको, तो पेटतो आणि धूर विषारी असतो.

साज जरूर काढ. ज्या गावात बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत मोठे झाले तिथली पोरगी तू, गुलाबांची नक्कल कशाला करायची? पण तिथल्या जुन्या कारागिरांची एक अक्कल घे. त्यांनी बारीक काम जास्त करून दाराच्या आतल्या बाजूला केलं. दार उघडं टाकलं की ते दिसतं, बंद केलं की ऊनपाऊस लागत नाही. पाण्याच्या डब्यांवरही करतात, ते रोज हाताळले जातात म्हणून दर काही वर्षांनी पुन्हा रंगवतात.

एनॅमलच वापर, चित्रकलेचे ॲक्रिलिक ट्यूब नको. पार्श्वभूमी गडद हिरवी किंवा काळी, दोन दिवस वाळू दे, मऊ पेपरनं चमक मार. साजातला प्रत्येक मणी, पान आणि मासा हे एकेका ओढीत बसणारे आकार आहेत. लांब केसांचा ब्रश भरून टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. तिकडच्या गुलाबाची पाकळीही अशीच एका ओढीत होते. सोनेरीसाठी ब्राँझ पावडरचा रंग घेऊ नको, वर्षात काळवंडतो. पिवळा ऑकर, त्याच्या एका कडेला लिंबू पिवळा, दुसऱ्या कडेला तपकिरी. लांबून सोनंच दिसतं. मधलं लाल पदक शेवटी. उन्हात लाल पहिल्यांदा उडतो, म्हणून लालाचे दोन हात. वरून पारदर्शक वॉर्निश बोटींचंच, अतिनील किरण अडवणारं. कोपऱ्यात ते सुटायला लागलं की लगेच घासून नवा हात दे. पूर्ण सुटल्यावर केलंस तर साज त्याच्याबरोबर येईल.

प्रश्न : शिरोलीला माझं छोटं वर्कशॉप आहे. नवा जी.आय. पत्रा टाकून वर्षही झालं नाही. त्यावर पांढरा ऑइलपेंट दिला होता, त्याचे ताव सुटून येताहेत. रंगारी म्हणतो पत्रा खराब, पत्रेवाला म्हणतो रंग खराब. चुना मारू का? की पाचट टाकू?
— एक कारखानदार

उत्तर : दादा, पत्राही चांगला आणि रंगही चांगला, दोघांचं लग्न चुकलं. ऑइलपेंटमधल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. रंग पत्र्यावर नसून त्या साबणावर उभा असतो. ताव उलटा करून बघा, मागची बाजू गुळगुळीत आणि थोडी चिकट लागेल. त्यावर कितीही हात दिले तरी पुन्हा हेच. सुटेल तेवढा रंग खरवडून काढा, सोड्याच्या पाण्यानं धुऊन भरपूर साध्या पाण्यानं खळबळा, वाळल्यावर जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर द्या, आणि वर बाहेरच्या कामाचा पांढरा ॲक्रिलिक. छतासाठी मिळतात ते कूल रूफ रंग ॲक्रिलिकचेच असतात. डब्यावर एसआरआयचा आकडा शोधा, म्हणजे रंग ऊन किती परत फेकतो आणि ताप किती सोडतो त्याचं माप; १०० च्या आसपास असेल तर घ्या. आकडाच नसेल तर तो नुसता पांढरा रंग, भाव त्याप्रमाणं करा.

चुना गच्चीच्या सिमेंटला. जस्ताला आणि ॲल्युमिनियमला ओला चुना खातो, पांढरा दिसेल आणि पत्रा जाईल.

पाचट गावाकडं छपरावर टाकतात आणि खाली खरंच गार वाटतं, ऊन पत्र्याला शिवतच नाही. पण तुमच्याकडं ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. वर्कशॉपवर पाचट म्हणजे आगीला आवतण. घरावर टाकलं असेल त्यांनी मृगाच्या आधी उतरवा, भिजलेलं पाचट पत्रा सडवतं.

रंग एप्रिलमध्येच उरका. मेमध्ये दुपारी ऊन आणि चारला वळीव, ॲक्रिलिक सुकायच्या आत धुऊन जातं. आणि रंगाबरोबर वरच्या गरम हवेला वाट द्या. टर्बो फॅन लावणारे वर चार लावतात आणि खाली शटर बंद ठेवतात, मग तो फिरतो आणि काढत काही नाही. जमिनीलगत जाळीच्या खिडक्या हव्यात.

प्रश्न : गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात भाजेल एवढं तापतं. टाकीला पांढरा रंग दिला तर?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : त्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, महिन्यात साल निघते. टाकीवर चार बांबू रोवून शेडनेट ताणा, टाकीला चिकटू देऊ नका. गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपलाही गुंडाळा, पहिली गरम बादली त्याच्यातली असते.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्या गावानं एक लोखंडी बोट करून घेतली. ग्रामपंचायतीच्या मागं ताडपत्री घालून ठेवली होती. परवा काढली तर तळाला गंज. पावसाळ्याआधी रंगवायची आहे. डांबर मारून घ्यावं का?
— तरुण मंडळाचा कार्यकर्ता, प्रयाग चिखली

उत्तर : बाळा, गंज पावसानं आलेला नाही, ताडपत्रीनं आलाय. तिच्याखाली घाम धरतो आणि पत्रा उन्हाळाभर ओला राहतो. रंगवून झाली की बोट उलटी घालून चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, खालून वारा खेळला पाहिजे. वर पत्र्याचं छप्पर चालेल, बोटीला टेकलेलं काहीही नको.

डांबर नको. उन्हात वितळतं, लोकांच्या कपड्यांना लागतं, आणि पुढच्या वेळी वेल्डिंग करायची झाली तर धूर. बोट वर्षातनं चार-आठ दिवस पाण्यात असते, तिला कालव्यातल्या बोटीसारखं काळं लागत नाही. वायर ब्रश आणि ग्राइंडरनं गंज साफ करा. नव्या पत्र्यावर निळसर-काळी खपली असते ती निघाली नसेल तर तीही काढा, ती सुटते तेव्हा वरचा रंग घेऊन सुटते. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर पॉलियुरेथेनचा एक. दोन डब्यांचा रंग आहे, मिसळल्यावर काही तासांत घट्ट होतो, लागेल तेवढाच कालवा. पॉलियुरेथेन ब्रशनंच द्या, स्प्रे नको, त्याची वाफ छातीला लागते. बाहेरून नारिंगी, गढूळ पाण्यात लांबून दिसतो. आतून आणि बसायच्या फळ्यांना फिका राखाडी.

रंगापेक्षा महत्त्वाचं, बसायच्या फळ्यांखाली हवाबंद पेट्या आहेत का बघ. लोखंडी बोटीत पाणी भरलं की ती तळाला जाते, त्या पेट्याच तिला धरून ठेवतात. प्रत्येक पेटीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून, पंपानं अगदी थोडी हवा भरून बुडबुडे येतात का तपासा. गळत असेल तर रंगाच्या आधी वेल्डिंग. आणि हे सगळं मेअखेर संपव. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागल्यावर मला फोन केलास तर माझ्या दुकानात प्रायमर असेल, पण तो वाळायला वेळ नसेल. वल्ही, दोर आणि लाइफ जॅकेट पंचायतीच्या लोखंडी कपाटात ठेव, आणि त्याच्या किल्ल्या दोघांकडं दे.